सौम्य आम्लाचे आठ टन

दहावीच्या पुस्तकात आम्लांची दोन घरे असतात, तीव्र आणि सौम्य. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, नायट्रिक पहिल्या घरात. व्हिनेगरमधले अॅसिटिक दुसऱ्या. हायड्रोजन फ्लोराइड पाण्यात मिसळून होणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल या हिशेबाने दुसऱ्या घरातले. हायड्रोजन आणि फ्लोरिन एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की पाण्यालाही ती जोडी सहजी फोडता येत नाही. त्याचा पीकेए (आम्लाची ताकद मोजणारा आकडा, जितका मोठा तितके आम्ल सौम्य) साधारण ३.२ भरतो, म्हणजे विरल द्रावणात मोजकेच रेणू आयन सोडतात. कारखान्यात या पदार्थाला सगळे नुसते ‘एचएफ’ म्हणतात. इथेही तेच वापरतो.

या सौम्य आम्लाने २०१२ साली दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात पाच माणसे मारली, दोनशे हेक्टरांहून जास्त जमिनीवरची पिके करपवली आणि त्या देशाला रसायनांचा कायदा नव्याने लिहायला लावला. हलगर्जीपणा तिथे होता, त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले. पण नुसता हलगर्जीपणा म्हणून फाइल बंद केली तर मुख्य गोष्ट निसटते. त्या दिवशी आणि पुढच्या दहा दिवसांत जे जे चुकले, त्यातल्या जवळपास प्रत्येक चुकीच्या पाठीशी एचएफचा एकेक गुणधर्म उभा होता आणि निर्णय घेणाऱ्याला तो ठाऊक नव्हता.

गुरुवारची दुपार

२७ सप्टेंबर २०१२. चुसोक तीन दिवसांवर आला होता. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा हा कोरियन सण. नवे धान्य पूर्वजांना वाढायचे, त्यासाठी शहरातली माणसे गावी जातात. (तोच चंद्र आपल्याकडे अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर घेऊन आला होता.) सणाआधी कामे उरकायची घाई कोणत्याही औद्योगिक वसाहतीत असते तशी इथेही असणार.

गुमी हे उत्तर ग्योंगसांग प्रांतातले इलेक्ट्रॉनिक्सचे शहर. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांचे जन्मगाव, त्यामुळे साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे उद्योगांची मोठी वसाहत वाढली. टीव्हीचे पडदे, मोबाइल फोन, त्यांचे सुटे भाग. या उद्योगांना एचएफ पुरवणाऱ्या ह्यूब ग्लोबल नावाच्या कंपनीच्या आवारात त्या दुपारी निर्जल एचएफचा सुमारे २० टनांचा टँक कंटेनर रिकामा करायचे काम चालू होते. पावणेचारच्या सुमारास कंटेनरच्या माथ्यावर कामगार उभे होते.

असा टँक सहसा वरून रिकामा करतात. खाली नळ ठेवला तर गळतीची जागा द्रवाच्या पातळीखाली येते, म्हणून झडपा माथ्यावर. एका झडपेतून कोरडी हवा किंवा नायट्रोजन आत दाबायचा, दुसऱ्या झडपेतून द्रव नळीवाटे कारखान्याच्या टाकीत जातो. क्रम ठरलेला असतो: आधी झाकण काढून नळी बसवायची, बोल्ट आवळायचे, जोड गळत नाही ना ते तपासायचे, आणि मगच झडपेला हात लावायचा. इथे तो क्रम पाळला गेला नाही. नळी पक्की होण्याआधीच झडपेच्या दांड्यावर चुकून पाय पडला आणि ती उघडली. कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात पांढरा लोट एकदम उसळताना दिसतो. या कामाला लागणारा पूर्ण सूट आणि श्वसनयंत्र अंगावर नव्हते.

दांडा पायाखाली येऊ शकेल अशा जागी का होता, हा प्रश्न मला माणसाच्या पायापेक्षा महत्त्वाचा वाटतो. माथ्यावर उभे राहून, हातमोजे घालून, वाकून काम करणाऱ्याचा पाय कुठेतरी पडणारच. दांड्याला कुलूप किंवा नुसती खिळ असती तरी पाय पडून काही झाले नसते.

१९.५ अंश

आता गुणधर्मांकडे. हायड्रोजन क्लोराइड उणे ८५ अंश सेल्सिअसला उकळते, ब्रोमाइड उणे ६७ ला, आयोडाइड उणे ३५ ला. या ओळीने पाहिले तर सगळ्यात हलके असलेले फ्लोराइड उणे शंभराच्याही खाली उकळायला हवे. ते उकळते अधिक १९.५ अंशांना. कारण एचएफचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांच्या साखळ्या करून बसतात.

हा आकडा मोठा फसवा आहे. थंडीत एचएफ बाटलीतल्या पाण्यासारखे शांत द्रव असते. दुपारी थोडे तापले की तोच द्रव उकळायला टेकतो. टँकमध्ये दाब फार नसतो, म्हणून क्लोरिनच्या सिलिंडरची जी धास्ती वाटते ती इथे वाटत नाही. पण सप्टेंबरच्या दुपारी कोरियात पारा सहसा एकोणीसच्या वरच असतो, त्यात हवेने दाबलेला टँक. झडप उघडताच बाहेर पडते ते उकळते द्रव.

आणि ते वर जात नाही. एचएफचा रेणुभार २०, हवेचा सरासरी २९. कागदावर हा वायू हवेपेक्षा हलका. १९८६ साली अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ‘गोल्डफिश’ नावाच्या चाचण्या झाल्या. मुद्दाम एचएफ सोडून ढग कसा वागतो ते पाहिले. तोवर अनेकांचा समज होता की सांडलेल्या द्रवाचा बराचसा भाग जमिनीवर थारोळे करून राहील. चाचणीत थारोळे झालेच नाही. सगळा द्रव अतिसूक्ष्म थेंबांच्या थंड, जड ढगात बदलला आणि जमिनीला चिकटून वाऱ्याबरोबर दूरवर गेला. साखळ्या केलेले रेणू, थंडावलेली हवा आणि थेंब मिळून ढग हवेपेक्षा जड होतो. गुमीत सुमारे ८ टन बाहेर पडले. कारखान्यामागे बोंगसान-री आणि इम्चोन-री ही शेतीची गावे होती. पांढरा लोट शेतांवरून तिकडे सरकला.

चुना आणि पाणी

अग्निशामक दल आले आणि त्यांनी पाणी मारले. नंतर वर्तमानपत्रांनी झोड उठवली ती यावरच: एचएफवर पाणी मारायचे नसते, चुना टाकायचा असतो, आणि चुना जवळ नव्हता. हे अर्धेच बरोबर आहे, आणि अर्धे बरोबर असलेले उत्तर पाठ झाले की पुढच्या अपघातात तेच नडते. म्हणून इथे जरा थांबतो.

एचएफ पाण्यात कितीही विरघळते. पाण्याचा दाट पडदा धरला तर हवेतले एचएफ खाली ओढता येते, आणि एचएफ वापरणाऱ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत पाण्याच्या तोफा कायम बसवलेल्या असतात त्या याचसाठी. मात्र पाणी भरपूर लागते. एचएफच्या वजनाच्या चाळीसपट पाणी मिळाले तर नव्वद टक्क्यांच्या आसपास ढग पकडता येतो, असे नेवाडातल्याच पुढच्या चाचण्यांत दिसले. आठ टनांच्या हिशेबाने सव्वातीन लाख लिटर. शिवाय पाण्याने एचएफ नाहीसे होत नाही, ते फक्त हवेतून गटारात येते. खाली वाहणारे पाणी आता हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, आणि ते अडवून त्यावर चुना टाकला नाही तर ओढ्याला मिळते.

आणखी एक खोच. कोरडे, शुद्ध एचएफ साध्या पोलादी टाकीत ठेवता येते, कारण पोलादावर लोखंडाच्या फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि तोच पुढचे गंजणे थांबवतो. पाणी मिसळले की तो थर टिकत नाही. म्हणजे थेट गळक्या झडपेवर पाणी मारणे म्हणजे झडपेलाच खाऊ घालणे. फवारा ढगावर हवा, भोकावर नको. हा फरक त्या संध्याकाळी कोणी सांगितला असेल तर त्याची खूण कुठे दिसत नाही.

चुन्याचा हिशेब सोपा आहे. विरी गेलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. एचएफच्या दोन रेणूंना चुन्याचा एक पुरतो आणि त्यातून कॅल्शिअम फ्लोराइड आणि पाणी तयार होते. कॅल्शिअम फ्लोराइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून फ्लोराइड तिथेच अडकते. आठ टन एचएफला जवळपास पंधरा टन चुना लागेल, पन्नास किलोच्या गोणीने तीनशे गोण्या. हवेत गेलेल्यावर चुना टाकता येत नाही, त्यामुळे जमिनीवर एवढा लागलाही नसता. पण एचएफचे टँकर येणाऱ्या वसाहतीत चुन्याचा साठा हाताशी हवा. तो नव्हता, जमवाजमव होऊन चुना पसरेपर्यंत फार वेळ गेला. झडप पूर्ण बंद व्हायला रात्र झाली.

हाडांत शिरणारे

मेलेले पाचही जण टँकच्या आसपास काम करणारे होते. अठरा जण जखमी झाले. पहिल्या दहा-बारा दिवसांत उपचार घेणाऱ्यांचा आकडा तीन हजारांपलीकडे गेला. त्यात गावकरी होते तसे मदतीला धावलेलेही होते.

इथे ‘सौम्य’ हा शब्द पुरता उलटतो. तीव्र आम्ल त्वचेवर पडले की तिथल्या तिथे जाळते. माणूस ओरडतो आणि नळाकडे पळतो. एचएफचा बराचसा भाग न फुटलेल्या, विद्युतभार नसलेल्या रेणूंच्या रूपात असतो, आणि असा छोटा रेणू त्वचेतून आत झिरपतो. आत गेल्यावर फ्लोराइड मोकळे होते आणि कॅल्शिअम, मॅग्नेशिअम धरून बसते. वर चुन्याबद्दल जी अभिक्रिया सांगितली तीच आता रक्तात आणि हाडाशी होते. रक्तातले कॅल्शिअम झपाट्याने उतरले की हृदयाचे ठोके बिघडतात. वीस टक्क्यांहून विरल द्रावण बोटाला लागले तर कधी कधी चोवीस तासांपर्यंत दुखतही नाही, वर फोडही येत नाही. दुखायला लागते तेव्हा ठणका हाडातून येतो. निर्जल एचएफ तर थेट जाळते, आणि अंगाच्या दोन-अडीच तळहातांएवढ्या भागावर पडले तरी जीव जाऊ शकतो.

उपाय सांगायला साधा आहे: लगेच भरपूर पाण्याने धुणे, आणि मग कॅल्शिअम ग्लुकोनेटची जेल चोळत राहणे, म्हणजे फ्लोराइडला हाडाआधी हे कॅल्शिअम मिळते. श्वासातून गेले असेल तर तेच औषध वाफाऱ्यातून देतात. जेलची ट्यूब कामाच्या जागी नसेल तर मात्र या ज्ञानाचा काडीचा उपयोग नाही.

फ्लोराइड आणि हाडे यांचे नाते यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडच्या काही गावांना वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मुरलेले फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात जाऊन दात पिवळे पडतात, सांधे आखडतात. गुमीत जे तासात झाले त्याचा हा अतिसंथ चुलतभाऊ.

एक पीपीएम

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात वाईट चूक टँकवर झाली नाही. ती दुसऱ्या दिवशी झाली.

रात्री गावकऱ्यांना हलवले होते. २८ तारखेला हवा तपासली, प्रमाण १ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) घरात आले, आणि लोकांना घरी परतायला मोकळीक मिळाली. हा आकडा ३० पीपीएमशी ताडून पाहिला गेला. आता ३० ही मर्यादा कसली आहे? निरोगी कामगाराचा श्वसनमुखवटा निकामी झाला तर कायमची इजा न होता त्याला निसटता यावे, यासाठी आखलेली ती रेषा. कामाच्या जागेसाठी अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची शिफारस आहे आठ तासांच्या सरासरीला ०.५ पीपीएम. म्हणजे मोजलेली हवा पाळीवर काम करणाऱ्या धडधाकट माणसासाठीही दुप्पट होती. गावात म्हातारी माणसे होती, पोरे होती, ती चोवीस तास तिथेच राहणार होती.

आणि मोजली ती नुसती हवा. ढग निघून गेल्यावर हवा लवकर निवळते. फ्लोराइड मात्र पानांवर, वैरणीवर, अंगणात, वाळत घातलेल्या धान्यावर बसलेले राहते. भात तपकिरी झाला, द्राक्षवेली करपल्या, जुजुबेची (आपल्या बोराच्या कुळातले फळ) झाडे वाळली. द्राक्षवेल फ्लोराइडला विशेष नाजूक असते. पानांच्या कडांपासून आतवर करपत जाते, कारण पानात शिरलेले फ्लोराइड पाण्याच्या ओढीबरोबर कडेला जाऊन साठते. नाशिकच्या बागायतदाराने ती पाने पाहिली असती तर क्षाराचा किंवा औषधाचा चट्टा म्हणून आधी शेजाऱ्याच्या फवारणीवर संशय घेतला असता. तीन हजारांवर जनावरांना त्रास झाला, कारण त्यांनी तोच चारा खाल्ला.

सण झाला. लोक खोकत होते, डोळे चुरचुरत होते, अंगावर पुरळ उठत होते. ६ ऑक्टोबरला बोंगसान-रीचे लोक दुसऱ्यांदा गाव सोडून निघाले, आणि या वेळी आपल्या निर्णयाने. सरकारने परिसर विशेष आपत्तिग्रस्त जाहीर केला तो ८ ऑक्टोबरला, गळतीनंतर अकराव्या दिवशी. पिकांकडे पाहून शेतकऱ्याला जे तिसऱ्या दिवशी कळले होते ते कागदावर यायला एवढा वेळ लागला.

ते तिथे होतेच कशाला

एवढे घातक असेल तर वापरतात कशाला, हा प्रश्न प्रशिक्षणात दर वेळी कोणीतरी विचारतो. कारण फ्लोरिन लागणाऱ्या बहुतेक सगळ्या उद्योगांचे दार एचएफ आहे. फ्लोरस्पार हे खनिज सल्फ्युरिक आम्लाबरोबर फिरत्या भट्टीत तापवले की एचएफ निघते आणि कॅल्शिअम सल्फेट उरते. एक टन एचएफला जवळपास दोन टन शुद्ध फ्लोरस्पार. (महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला हे खनिज आहे.) सर्वांत मोठा वाटा शीतकांसाठीच्या फ्लोरोकार्बनांना जातो. जुन्या एसीतला आर-२२ म्हणजे क्लोरोफॉर्म आणि एचएफ यांचे अपत्य, आणि त्याच आर-२२ पासून पुढे तव्यावरचे टेफ्लॉन. अॅल्युमिनिअमच्या भट्ट्यांना लागणारे अॅल्युमिनिअम फ्लोराइड, अणुइंधनासाठीचे युरेनिअम हेक्साफ्लोराइड, कित्येक औषधे आणि कीटकनाशके यांचीही सुरुवात इथूनच.

गुमीचा संबंध मात्र काचेशी. बहुतेक आम्ले काचेच्या बाटलीत निवांत राहतात. एचएफ काचेतले सिलिकॉन डायऑक्साइडच खाते. या एका खोडीवर इलेक्ट्रॉनिक्सचा केवढा तरी डोलारा उभा आहे. पडद्याची काच पातळ करायची असेल तर एचएफने झिजवतात. सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा थर काढायचा आणि खालच्या सिलिकॉनला धक्का लावायचा नाही, हे विरल एचएफइतके सफाईने दुसरे काही करत नाही.

आपल्याकडे चाकण, तळोजा, अंबडच्या शेडमध्ये स्टेनलेसचे फॅब्रिकेशन करणाऱ्यांकडे एचएफ पांढऱ्या डब्यात असते. वेल्डिंगचा काळा डाग काढायची पिकलिंग पेस्ट म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांची लापशी. पोरे ती ब्रशने लावतात, थोड्या वेळाने पाण्याने धुतात, आणि ‘अॅसिड आहे, जपून’ एवढे एकमेकांना सांगतात. कुठले अॅसिड, हे डब्यावर लिहिलेले असते. जेलची ट्यूब किती शेडमध्ये सापडेल याचा मी पैज लावण्याइतका भरवसा देणार नाही.

गुमीशेजारी ठेवून पाहावे असे एक प्रकरण आहे फिलाडेल्फियाचे. २१ जून २०१९ ला तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एचएफ युनिटमधला एक पाइपचा बाक फुटला. १९७३ च्या सुमारास बसवलेल्या त्या तुकड्याच्या पोलादात निकेल आणि तांबे जास्त होते, त्यामुळे तो शेजारच्या पाइपापेक्षा भराभर झिजून जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचा उरला होता. आग लागली, स्फोट झाले, एका पात्राचा सुमारे १७ टनांचा तुकडा नदीपलीकडे जाऊन पडला. पाण्याच्या तोफा दूरनियंत्रणाने सुरूच झाल्या नाहीत, माणसाला आत जाऊन त्या चालू कराव्या लागल्या आणि त्यात चाळीस मिनिटे गेली. तरी मृत्यू एकही नाही. नियंत्रणकक्षातल्या ऑपरेटरने पहिल्या काही क्षणांतच एक बटण दाबले होते, आणि युनिटमधले दीडशे टनांवर एचएफ काही मिनिटांत वेगळ्या रिकाम्या पात्रात उतरले. बाहेर पडले ते सुमारे २.४ टन. ‘गळती झालीच तर उरलेले कुठे न्यायचे’ याचे उत्तर त्या कारखान्याने आधी बांधून ठेवले होते. गुमीच्या कंटेनरला असले काही नव्हते. तिथे फक्त एक झडप होती, आणि तिच्याजवळ जाता येत नव्हते.

कोरियाने २०१३ मध्ये रसायन नियंत्रणाचा नवा कायदा मंजूर केला, तो १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. परिसरावर काय परिणाम होईल याचा आराखडा कारखान्याने आधी द्यायचा, अपघात ताबडतोब कळवायचा, अशी कलमे त्यात आली. रासायनिक अपघातांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था त्याआधी २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली होती. छोट्या उद्योजकांनी कुरकुर केली, खर्च परवडत नाही म्हणाले.

मग जुलै २०१९ मध्ये जपानने कोरियाला जाणाऱ्या तीन पदार्थांवर निर्यात-निर्बंध घातले. त्यातला एक होता हायड्रोजन फ्लोराइड. चिपसाठी लागणारे अतिशुद्ध एचएफ बनवण्यात जपानी कंपन्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. सात वर्षांपूर्वी ज्याच्या आठ टनांपासून गावे पळाली होती, ते आता मिळणार की नाही या काळजीत देशातले चिपचे कारखाने हातातला साठा मोजत बसले, आणि देशातच एचएफ शुद्ध करण्याच्या प्रकल्पांना लगबगीने हात घातला गेला.